खुंटीला हात

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'तंबोरा आणि क्लिपचा ट्यूनर', आणि त्यासाठी मला पाऊण तास दिलाय. तंबोरा सोबत आणलाय. मिरजेचा, सतारमेकर गल्लीतला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुम्ही वाचलं असेलच. हा त्याच्या बराच आधीचा, माझ्या थोरल्या मुलीच्या वयाचा. आणि हा ट्यूनर, तार सुरात लागली का ते दाखवणारं यंत्र. आत नाण्याएवढा सेल, बाहेर बोटभर पडदा.

हा बघा, मी तो खुंटीच्या कानाला लावतेय. दांडीला लावायला जाऊ नका. तंबोऱ्याची दांडी रुंद, चिमटा तेवढा उघडत नाही, तो मुळात गिटारच्या मापाचा. त्याला हवेतला आवाज लागत नाही, लाकडाची थरथर पुरते. ग्रीनरूममध्ये ज्यांनी तंबोरे जुळवलेत त्यांना याची किंमत कळेल. एका कोपऱ्यात हातोडीने तबला मिळवणं चाललेलं असतं, बाहेर माइकवाला 'हॅलो हॅलो' करत असतो, आणि त्यात आपल्याला जोडी, म्हणजे मधल्या दोन सारख्या षड्जाच्या तारा, ऐकायची असते. तिथे हा बिचारा शांतपणे काम करतो.

मूळ मुद्द्याआधी एक सांगते. ते ऐकल्याशिवाय मी या यंत्राची एवढी बाजू का घेते ते कळायचं नाही.

मी गाणं शिकायला लागले तेव्हा चौदा वर्षांची होते. क्लासात दोन तंबोरे. छेडायचं काम मुलींचं, जुळवायचं सरांचं. सर यायचे, डोळे मिटायचे, खुंट्या पिळायचे, तारांतले मणी सरकवायचे, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचा जीव, म्हणजे तो तारेखालचा दोरा, जरासा हलवायचे आणि एकदम खोली भरून जायची. हे कसं केलं, असं विचारायची सोय नव्हती. 'कान तयार झाला की कळेल.' अहो, खुंटीला हातच लावायचा नाही तर कान कशावर तयार करायचा?

एकदा सरांना उशीर झाला म्हणून मी पंचमाच्या तारेची खुंटी पिळली. पावसाळ्याचे दिवस, खुंटी फुगलेली. आधी हलेना, मग कर्रकन फिरली आणि तार तुटली. त्यानंतर त्या क्लासात मी खुंटीला कधीच हात लावला नाही. पुढे चांगल्या चांगल्या गवयांच्या मागे बसून तीन-तीन तास तंबोरा छेडला. मंचावरच्या दिव्यांनी तारा तापायच्या, जोडी उतरायची, कानाला टोचायची, आणि मी तशीच छेडत राहायचे. ऐकू येत होतं, पण जुळवायचा अधिकार माझा नव्हता. तिसऱ्या रांगेत दोघी-तिघी मान हलवतायत, त्यांना हे ठाऊक आहे.

मग भाच्याने गिटार घेतली आणि घरात ट्यूनर आला. मी तेव्हा अडतीस वर्षांची. रात्री सगळी निजल्यावर मी तो तंबोऱ्याला लावला. माझी पट्टी काळी चार, ट्यूनरच्या भाषेत जी शार्प. जोडीची तार छेडली, सुई डावीकडे. खुंटी केसभर पिळली. सुई मधे आली, पडदा हिरवा झाला. कुणी ओरडलं नाही. दोन वाजेपर्यंत मी तेच करत बसले. तारा उतरवायच्या, ट्यूनर बंद करून कानाने चढवायच्या, मग ट्यूनर लावून पडताळायच्या. पंधरा दिवसांत मला ते ऐकू यायला लागलं, जे सर डोळे मिटून ऐकत होते. दोन तारा जवळ आल्या की आवाजात डोल पडतो, वाँव-वाँव-वाँव, आणि त्या मिळत जातील तसा तो लांबत लांबत विरतो. चोवीस वर्षांत हे एवढं मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून ट्यूनरने कान बिघडतात असं कुणी म्हटलं की मला राग येतो. माझा कान त्याच्यामुळे उघडला.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं उरलीत. तर ज्यासाठी बोलावलंत ते आता भराभर सांगते.

बाकी तारांवर बोट ठेवून एकच तार छेडा. बरेच ट्यूनर नुसतं सुराचं नाव दाखवतात, सप्तक सांगत नाहीत. जोडी वरच्या षड्जाकडे ओढत नेऊन तार तोडणारे मला दर वर्षी भेटतात, तेव्हा आधी पेटीवर सूर ऐका. ट्यूनर ए हा सूर ४४० कंपनांचा धरतो, साथीची पेटी जुनी असेल तर ती ४४० वर असेलच असं नाही. पेटी बघून ट्यूनरमधला आकडा बदला. जोडीची एक तार ट्यूनरने लावा, दुसरी त्याच्याशिवाय, डोल ऐकत.

आता पंचम. काळी चारमध्ये खरज, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची तार, १०३.८३ कंपनं, त्याच्या दीडपट १५५.७४. ट्यूनर मात्र १५५.५६ ला हिरवा होतो. फरक दोन सेंटचा, सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग, सुईवर जेमतेम दिसतो, पण खरजासोबत ऐकलात तर तीन सेकंदांत एक मंद डोल पडेल. तो जाईपर्यंत पंचम किंचित चढवा. मण्याने, खुंटीने नव्हे.

आणि खरज. छेडते, बघा. जी शार्प... आणि आता सी! यंत्र बिघडलं नाही. जवारी, म्हणजे जीवामुळे तारेला येणारी झणकार, बोलतेय, खरजातून गंधार उमटलाय, काळी चारला तो सी, तो त्याने पकडला. खरजाच्या पाचपट ५१९, आणि ट्यूनरचा सी ५२३. म्हणून सुई चौदाएक सेंट डावीकडे. पेटीचा गंधार गळ्याला चढा का वाटतो ते इथे डोळ्यांना दिसतं. पण ती सुई बघून खरज चढवाल तर सगळा तंबोरा बिघडेल. खरजाला ट्यूनर काढून खिशात टाका आणि जोडीशी मिळवा. जीव हलवलात की सूरही हलतो, मग पुन्हा पहिल्यापासून. जवारी किती उघडायची ते कुठलाच पडदा सांगत नाही, त्यावर बोलायला आज वेळ नाही.

संपलीच वेळ. प्रश्न खाली उतरून घेते. चारही तारा मी आता मुद्दाम उतरवून ठेवते. खुंटी घसरली तर शेजारी खडू आहे. ज्या आजवर मागे बसून नुसत्या छेडत आल्यात, त्या आधी या. तार तुटली तरी चालेल, पिशवीत जास्तीच्या सहा आहेत.