ठिपका म्हणजे बिंदू नव्हे

(पडद्यावर: कोरा कागद. पेन्सिलीचं टोक अलगद टेकतं.)

हा बिंदू. निदान वर्गात तरी आपण असंच म्हणतो. आता भिंग जवळ नेऊ या. कडा खडबडीत, मध्ये कागदाच्या तंतूंत अडकलेली काळी भुकटी. अर्ध्या मिलिमीटरचा चांगला ऐसपैस ढीगच आहे हा! यात नेमकं बोट कुठे ठेवायचं?

भूमितीतल्या बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही. त्याला आहे फक्त जागा. ठिपका ही त्या जागेची खूण.

इ.स.पू. 300 च्या सुमारास ग्रीक गणिती युक्लिडने भूमितीवर 13 भागांचा ग्रंथ रचला. पहिल्या भागाच्या सुरुवातीला 23 व्याख्या आहेत, आणि त्यातली पहिलीच बिंदूची : ज्याला भाग नाही तो बिंदू. दुसरी : रुंदी नसलेली लांबी म्हणजे रेषा. ऐकायला छान. पण ‘भाग’ म्हणजे काय? ‘लांबी’ म्हणजे काय? एका शब्दाचा अर्थ सांगायला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा, आणि फिरून आपण पहिल्याच शब्दापाशी येतो.

1899 साली जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी हा फेराच टाळला. बिंदू, रेषा आणि प्रतल (म्हणजे सपाट पृष्ठ) यांची व्याख्या करायचीच नाही. ते एकमेकांशी कसे वागतात याचे नियम तेवढे सांगायचे. बुद्धिबळातला घोडा लाकडाचा की प्लास्टिकचा, कोण विचारतं? तो अडीच घरं चालतो, एवढं पुरे.

(पडद्यावर: एक बिंदू, त्यातून फुटणाऱ्या रेषा.)

एका बिंदूतून रेषा हव्या तितक्या काढा. आता दुसरा बिंदू घ्या. दोन्हींतून जाणारी रेषा एकच. पट्टी उलटी ठेवा, सुलटी ठेवा, दुसरी निघत नाही.

या बिंदूंना अ आणि ब म्हणू. रेषा दोन्हीकडे न संपता जाते, म्हणून दोन्ही टोकांना बाण. अ ते ब एवढाच तुकडा घेतला की झाला रेषाखंड. पट्टीने लांबी मोजता येते ती याचीच. आणि अ पासून निघून ब मधून पुढे जातच राहिला तो किरण. इथे बरेच जण फसतात. रेषा अब आणि रेषा बअ एकच. किरण अब आणि किरण बअ मात्र वेगळे, कारण आधी लिहिलेलं अक्षर हा आरंभबिंदू असतो.

राहिलं प्रतल. सगळीकडे सपाट, कुठेच न संपणारं. फळा, टेबल, भिंत हे त्याचे नुसते तुकडे.

(पडद्यावर: उघडझाप होणारं दार.)

दाराच्या दोन बिजागऱ्या म्हणजे दोन बिंदू. त्यांतून जाणारी रेषा जागची हलत नाही, दार मात्र तिच्याभोवती फिरतंय. ते जिथे जिथे थांबेल तिथे एक वेगळं प्रतल. एकाच रेषेतून अशी असंख्य प्रतलं जातात. त्याच रेषेवर तिसरी बिजागरी ठोकली तरी दार फिरणारच. एकरेषीय बिंदू कितीही वाढवले तरी प्रतल ठरत नाही.

आता कडी पाहा. ती बिजागऱ्यांच्या रेषेपासून दूर, दाराच्या दुसऱ्या कडेला आहे. तिसरा बिंदू, रेषेबाहेरचा.

(कडी लागल्याचा आवाज. दार स्थिर.)