प्लेट पास की नापास?

(दृश्य: कन्नडचा घाट, वरून. पहाट. पांढरी झेन वळणं घेत खाली येते. पहिले आठ सेकंद फक्त इंजिनचा आणि वाऱ्याचा आवाज.)

कन्नडचा घाट उतरला की खानदेश लागतो. ब्रेकचा कस मात्र त्याआधीच लागून गेलेला असतो.

गाडी १९९९ची. ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, गॅरेजच्या भाषेत प्लेट; तिला दोन्ही बाजूंनी पॅड आवळले की गाडी थांबते. मालक निवृत्त शिक्षक, उभी हयात गणित शिकवण्यात गेलेली. लेक छत्रपती संभाजीनगरला असते, त्यामुळे महिन्यातून दोनदा हा घाट ठरलेला. हल्ली उतरताना ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं. दोन महिने गुरुजी म्हणत होते, रस्ताच खराब आहे. मग रस्ता दुरुस्त झाला आणि थरथर तशीच राहिली.

(दृश्य: चाळीसगाव. गॅरेज. चाक निघतं, मिस्त्री वाकून बघतो.)

"गुरुजी, हाई प्लेट गई."

"देखीसन सांगस का मोजीसन?"

मिस्त्री हसतो. हे आम्ही सांगून करून घेतलेलं नाही. हा प्रश्न आला नसता, तर ही फिल्म झाली नसती.

(दृश्य: डिस्क, अगदी जवळून. निळसर डाग, कडेला उभी राहिलेली धार.)

कडेची ही धार नीट बघा. पॅड जिथे घासतो तिथलं लोखंड झिजतं. अगदी कडेला पॅड पोचत नाही, म्हणून तिथे मूळ जाडी शिल्लक राहते. जाडी मोजायला व्हर्नियर लावला की त्याचे दोन्ही जबडे नेमके या धारेवर टेकतात. आकडा चांगला येतो. प्लेट पास!

आता मायक्रोमीटर. कडेपासून दीड सेंटिमीटर आत, जिथे पॅड खरोखर फिरतो तिथे. आणि एकाच जागी नाही, गोल फिरवत आठ जागी.

(दृश्य: मायक्रोमीटरचा दांडा फिरतो, टिक टिक आवाज. निवेदन थांबतं.)

प्लेट किती पातळ झालेली चालते हे कुणाला विचारावं लागत नाही. बहुतेक प्लेटवरच कोरलेलं असतं. मिस्त्री तारेचा ब्रश मारतो, गंज उडतो आणि अक्षरं वर येतात: 'मिन टीएच', पुढे मिलिमीटरचा आकडा. गुरुजी चष्मा पुसून वाचतात. त्यांची प्लेट त्या आकड्याच्याही खाली, चार दशांश मिलिमीटरने. शिवाय आठ जागी आठ मापं. माणसाच्या केसाहून बारीक असा हा मापामापांतला फरक, पण ब्रेकवर ठेवलेल्या पायाला तो कळतो. लोक म्हणतात प्लेट वाकली. बऱ्याचदा ती वाकलेली नसते, एकसारखी झिजलेली नसते.

"लेथवर घासून घ्या, काम होऊन जाईल" हा सल्ला आपल्याकडे चहाबरोबर फुकट मिळतो. घासायला हरकत नाही, पण घासल्यानंतरही प्लेट त्या आकड्याच्या वर राहिली पाहिजे. ही आधीच खाली आहे.

(दृश्य: स्पेअर पार्टचं दुकान. काउंटरवर जुनी प्लेट, शेजारी नवी.)

जुनी प्लेट सोबत नेली होती ते बरं झालं. बाहेरचा व्यास जुळला, तरी मधल्या टोपीची उंची वेगळी असू शकते, भोकांचं अंतर वेगळं असू शकतं. नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही.

नातवाने मोबाइलवर भोकं पाडलेली प्लेट दाखवली. दिसायला झकास. पण भोकं पाडली की उष्णता शोषणारं लोखंड तेवढं कमी होतं, आणि पुढे चिरा पडतात त्या भोकांपासूनच. गुरुजींनी साधी घेतली, कंपनीतून गाडीला होती तशी. दोन्ही चाकांना.

आता पॅड.

(दृश्य: पॅडची कड, जवळून. छापलेली अक्षरं.)

बऱ्याच पॅडच्या कडेवर शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानाला पॅड किती पकडतो त्याचं, दुसरं तापल्यावर किती पकडतो त्याचं. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५. म्हणजे 'एफ-ई' लिहिलेला पॅड गावात चांगला वाटेल, घाटात तापला की ढिला पडेल. 'एफ-एफ' तापल्यावरही त्याच पट्ट्यात राहतो. अक्षरावरून टिकाऊपणा कळत नाही, झीजही कळत नाही, पण काउंटरवर उभं राहून वाचता येईल असं त्या पॅडवर दुसरं फार काही नसतं. धातूचं प्रमाण जास्त असलेला पॅड उष्णता सोसतो, पण करकरतो आणि प्लेट लवकर खातो. गुरुजींचं रोजचं फिरणं दूध आणि पोस्ट ऑफिस एवढंच. त्यांनी साधा ऑरगॅनिक, म्हणजे धातू कमी असलेला, 'एफ-एफ' घेतला.

(दृश्य: पुन्हा गॅरेज.)

हब म्हणजे चाकाचा मधला भाग, प्लेट त्याच्यावर बसते. नवी प्लेट गंजलेल्या हबवर चढवली की पेडल पुन्हा थरथरणार. म्हणून आधी हब घासून स्वच्छ. नव्या प्लेटवरचा तेलाचा हात क्लीनरने पुसलेला. पॅड धरून दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. एका बाजूची त्याची पिन जाम होती, आतला पॅड बाहेरच्यापेक्षा निम्मा उरला होता. पिन साफ केली, ग्रीस लावलं. मग प्लेट डगमगते का ते दाखवणारं डायल गेज: प्लेट फिरते, काटा जेमतेम हलतो.

ब्रेक ऑइलही बदललं. ते हवेतलं पाणी ओढतं. 'डॉट ३' ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. घाटात ऑइल उकळलं की पेडल तळाला जातं.

चाकं चढली. गाडी हलवण्याआधी मिस्त्री पेडल चार-पाच वेळा दाबतो, पिस्टन पॅडला टेकेपर्यंत.

(दृश्य: पाटणादेवीचा रस्ता, दुतर्फा झाडं, रहदारी नाही.)

नवे पॅड प्लेटशी रुळवायला हा रस्ता बरा. पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत, हलक्या पायाने, पुन्हा पुन्हा. पूर्ण थांबून ब्रेक दाबून धरायचा नाही.

याच पाटणला चांगदेवाने आपल्या आजोबांच्या, म्हणजे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. गुरुजींनी तो आम्हाला दोनदा दाखवला. शूटिंग ब्रेकचं होतं, तरी.

(दृश्य: घराची ओसरी. शाळेची जुनी वही, गुरुजींचा हात.)

डावी प्लेट, उजवी प्लेट. नव्या असतानाची जाडी, तारीख, किलोमीटर. खाली एक रकाना रिकामा. पुढची मोजणी दहा हजार किलोमीटरवर.

(दृश्य: घाट, उतार, दुसरा गिअर. कॅमेरा पेडलवर. निवेदन नाही.)