झिरो माईलचा मोह

(स्वस्त दरातल्या नव्या विमानकंपनीने नागपुरातून कुठे उडावं, या विषयावर शहरातील व्यापारी आणि पर्यटन व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ.)

मंडळी, नागपुरात विमानाचा विषय निघाला की पाच मिनिटांत कोणीतरी झिरो माईलचा दगड पुढे करतो. आपण देशाच्या मधोमध, मग सगळी विमानं इथे येऊन प्रवाशांची अदलाबदल का करत नाहीत? प्रश्न अगदीच हवेतला नाही. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला जमत, टपालाच्या थैल्या बदलून घेत आणि पहाटेपर्यंत परतत. ती व्यवस्था वर्षानुवर्षं चालली. पण थैली रात्री दोन वाजता बाकड्यावर बसून कुरकुर करत नाही, प्रवासी करतो. शिवाय आजचं ए-३२० दिल्लीहून चेन्नईला पावणेतीन तासांत थेट जातं. त्याला वाटेत आपल्या सोनेगाव विमानतळावर उतरवलं, तर एकाच्या जागी दोन उड्डाणं, दोन उतरणी, दोनदा विमानतळाचं शुल्क. विमान सर्वाधिक इंधन जाळतं ते वर चढताना. म्हणजे मध्यभागी असण्याचा अर्थ प्रत्येक टप्पा आखूड आणि म्हणून किलोमीटरमागे महाग. चुकलेल्या जोडविमानाचा प्रवासी आणि त्याची हरवलेली बॅग सांभाळायला जो खर्च लागतो, तो स्वस्त तिकिटात बसतच नाही.

तेव्हा नव्या कंपनीने नकाशा बाजूला ठेवून घड्याळ हातात घ्यावं. दोन घड्याळं असतात. एक विमानाचं, एक प्रवाशाचं.

विमानाचं घड्याळ आधी. भाड्याने घेतलेल्या विमानाचं भाडं ते उडो वा उभं राहो, महिन्याला द्यावंच लागतं. म्हणून दिवसाला बारा-साडेबारा तास ते चालतं ठेवायचं. नागपूरला रात्रीचा मुक्काम असलेल्या एका विमानाचा दिवस मांडून बघू. सकाळी ६ ला पुणे, ७.२५ ला पोच. अर्ध्या तासात परत, ९.२० ला नागपूर. ९.५० ला बंगळूर, १४.०० पर्यंत परत. १४.३० ला अहमदाबाद, १८.१० ला परत. १८.४० ला पुन्हा पुणे आणि रात्री १० ला घरी. आठ उड्डाणं, साडेबारा तास. वैमानिकांचे दोन संच, दुपारी नागपुरातच बदलायचे, म्हणजे कोणालाही परगावी हॉटेल नाही. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती आता ३६ ऐवजी ४८ तासांची आहे. संच मोजताना हे विसरलं, की वेळापत्रक कागदावरच राहतं.

यातला अर्धा तास नागपूरच्या उन्हाळ्यात सगळ्यात आधी फसतो. का, ते नीट समजून घ्या. उतरताना ब्रेक तापतात. ए-३२० ला ब्रेकचं तापमान ३०० अंशांच्या खाली आल्याशिवाय उडायची परवानगी नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना ते अर्ध्या तासात खाली येईलच, असं नाही. त्यामुळे विमानं भाड्याने घेतानाच चाकांना ब्रेक थंड करणारे पंखे आहेत का, हे बघावं. नसतील तर एप्रिल ते जून दुपारचे मुक्काम पंचेचाळीस मिनिटांचे धरावेत. दुसरी गोष्ट हवेच्या विरळपणाची. सोनेगाव समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे, पण ४५ अंशांत विमानाला तिथली हवा जवळपास ४,९०० फुटांवरच्या हवेसारखी लागते. धावपट्टी ३,२०० मीटरची असल्याने देशांतर्गत फेरीला अडचण येत नाही. लहान धावपट्ट्यांवर मात्र याच कारणाने दुपारी जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात.

आता प्रवाशाचं घड्याळ. तो विमानाची तुलना रेल्वेशी आणि ट्रॅव्हल्सशी करतो, तीही घराच्या दारापासून. विमानात दीड तास, पण त्याआधी दोन तास आणि नंतर एक तास जातोच. म्हणजे एकूण साडेचार-पाच तास. रेल्वेने सात तासांत पोचणारं गाव या हिशेबात विमानाच्या हातून जवळजवळ गेलंच. बारा तासांहून लांबचं गाव विमानाचं.

या फुटपट्टीने रायपूर बाद. हवाई अंतर जेमतेम २८० किलोमीटर आणि डिसेंबर २०२२ पासून बिलासपूरची वंदे भारत आहे. हैदराबाद ४३० किलोमीटर, सिकंदराबादची वंदे भारत साधारण सव्वासात तासांची. तिथे प्रवासी आहेत, पण तो एटीआर या ७० आसनी छोट्या, पंख्याच्या विमानाचा मार्ग आहे, १८६ आसनांच्या जेटचा नाही. इंदूरचंही तेच.

पहिला मार्ग पुण्याचाच, आणि त्यावर थोडं थांबू. विदर्भातली निम्मी पोरं शिकायला किंवा नोकरीला पुण्यात. घरोघरी कोणीतरी तिकडे असतंच. रेल्वेने किंवा ट्रॅव्हल्सने बारा ते पंधरा तास. दिवाळीत ट्रॅव्हल्सचं भाडं कुठे जातं, हे तुम्हाला सांगायला नको. पण 'गर्दी आहे' म्हणजे 'नफा आहे' असं नव्हे. हिशेब समजावा म्हणून गोल आकडे धरतो. ६२० किलोमीटरला विमान सुमारे ३,६०० लिटर इंधन पितं. लिटरला ९५ रुपये धरले तर साडेतीन लाखांच्या आत-बाहेर. इंधन हा एकूण खर्चाच्या ४० टक्के धरला, तर एकेरी फेरी साडेआठ लाखांची. ८५ टक्के जागा भरल्या, म्हणजे १५८ प्रवासी. सरासरी ५,४०० रुपये मिळाले तर बरोबरी. यातली ५० तिकिटं जाहिरातीसाठी ३,००० ला विकली, तर उरलेल्या १०८ जणांकडून सात लाख काढायचे, म्हणजे प्रत्येकी साडेसहा हजार. स्वस्त तिकिटांची संख्या हातातून सुटली, की कंपनीचं गणित असं सुटतं.

त्यात दिवाळीचा एक सापळा आहे. दिवाळीआधी पुणे-नागपूर फुल्ल, पण तेच विमान पुण्याला जाताना अर्धं रिकामं. भाऊबीजेनंतर उलट. दोन्ही दिशांची सरासरी काढली, की सणाच्या जादा फेऱ्या वाटतात तेवढ्या दुभत्या नसतात. रोजच्या दोन फेऱ्यांची तिकिटं नीट चढ्या भावाने विकणं हे जादा विमान लावण्यापेक्षा बरं. वेळा मात्र सकाळ-संध्याकाळ अशाच हव्यात. दुपारी एकची एकुलती फेरी असेल, तर कामाने जाणारा माणूस तुमच्याकडे बघणारही नाही, आणि शेवटच्या आठवड्यात महाग तिकीट घेणारा तोच असतो.

अडचण पुण्याच्या लोहगाव विमानतळाची आहे. तो हवाई दलाचा तळ. तिथल्या उड्डाण-उतरणीच्या वेळा मोजक्याच आणि मोठ्या कंपन्यांनी धरून ठेवलेल्या. मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर वेळापत्रक बदलतं, त्याच्या कितीतरी महिने आधी अर्ज करावा लागतो. मिळालेल्या वेळांपैकी ८० टक्के वापरल्या नाहीत, तर पुढच्या हंगामात त्यांवरचा हक्क जातो. म्हणून विमान हातात यायच्या आधी वेळा मागून बसणारे पस्तावतात. मुंबईची कथा याहून बिकट होती. पण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं सुटू लागली आणि नव्या कंपनीला मुंबई प्रदेशात शिरायला दार मिळालं. ठाणे, पनवेल, कल्याणकडच्या वैदर्भीयांना ते सांताक्रूझहून गैरसोयीचं नाही. मात्र मुंबई मार्गावर रात्रीची दुरांतो आहे. झोपेत प्रवास, वर हॉटेलचा खर्च वाचतो. तिच्याशी भाडं कमी करून भिडू नये. पहाटेची फेरी देऊन भिडावं.

इंधनाची एक युक्ती इथे सांगायला हवी. विमानाचं इंधन जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा कर वेगळा. महाराष्ट्रात तर एकाच राज्यात दोन दर: मुंबई-पुण्याला मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात २५ वरून १८ टक्के केला, आणि नागपूरला तो त्याहून पुष्कळ कमी. म्हणून नागपूरला परतीचंही इंधन भरून घ्यायचं, पुण्याला टाकीला हात लावायचा नाही. जादा वजन वाहण्यात दर तासाला त्या जादा इंधनाचा तीन-चार टक्के भाग जळतो. एवढ्या छोट्या टप्प्यावर तो परवडतो. मर्यादा एकच: ए-३२० निओचं उतरतानाचं कमाल वजन ६७.४ टन. पूर्ण भरलेलं विमान आणि गच्च टाकी यांचा मेळ त्यात बसवावा लागतो.

दुसरा मार्ग बंगळूर. सुमारे ८९० किलोमीटर, रेल्वेने जवळपास एक दिवस, आणि संगणक क्षेत्रातला वर्षभराचा प्रवासी. याबद्दल फार बोलायचं कारण नाही, तो चालतो. दिल्लीही चालेल, पण दिल्लीची फेरी सकाळी पहिली लावू नका. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीभर तिकडे धुकं. सकाळी ६ चं विमान साडेनऊला सुटलं, की दिवसाची आठही उड्डाणं साडेतीन तासांनी घसरतात. रात्री शेवटचं पुणे रद्द होतं आणि शिव्या पुण्याचे प्रवासी देतात. दिल्ली दुपारीच.

आता तो मार्ग, ज्यासाठी झिरो माईलच्या भक्तांनी कान टवकारावेत. सुरत–नागपूर–भुवनेश्वर. सुरतच्या यंत्रमागांवर ओडिशातले, विशेषतः गंजाम जिल्ह्यातले कामगार मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांचा रेल्वेप्रवास एक दिवसाहून लांबतो. दुसरीकडे आपल्या गांधीबागेतलं कापड बरंचसं सुरतहून येतं, व्यापारी सारखा जात-येत असतो. सुरत आणि नागपूर जवळपास एकाच अक्षांशावर, भुवनेश्वर थोडं खाली. सुरत-नागपूर ६५५ किलोमीटर, नागपूर-भुवनेश्वर ७१०, आणि बेरीज थेट अंतराएवढीच. म्हणजे वाट वाकडी होत नाही. विमान तेच, ओडिशाचा प्रवासी आपल्या जागेवर बसून राहतो, आणि दोन टप्प्यांवर तीन बाजारपेठा विकता येतात: सुरत-नागपूर, नागपूर-भुवनेश्वर, सुरत-भुवनेश्वर. तोटा एकच. थेट प्रवाशाला दोन जागांचं भाडं मागता येत नाही, पण तो दोन्ही टप्प्यांवर जागा अडवतो. त्यामुळे शेवटच्या आठ दिवसांत थेट तिकिटांचा कोटा बंद करून तुकड्यांची तिकिटं विकायची. रोज नको, आठवड्यातून चार दिवसांनी सुरुवात.

नव्या कंपनीच्या कार्यालयात पहिल्याच महिन्यात निवेदनं येतील. अमरावती द्या, गोंदिया द्या, अकोला द्या, चंद्रपूर द्या. अमरावतीच्या बेलोऱ्याला एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, गोंदियाहून डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादची. चांगलं आहे. पण ही गावं लहान विमानांची. जेटबरोबर एटीआरही आणलं, की वैमानिक वेगळे, सुटे भाग वेगळे, अभियंत्यांचे परवाने वेगळे. पाच विमानांच्या कंपनीला दोन संसार झेपत नाहीत. एटीआरलाच वाहिलेली कंपनी असेल तर गोष्ट वेगळी: ८० आसनांखालच्या विमानाला विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर उतरण्याचं शुल्क नाही, इंधनावर करही चार टक्के. लहान गावं विमानाने जोडण्याच्या सरकारी उडान योजनेत तीन वर्षं अनुदान मिळतं, तेही मोहात पाडतं. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालातले आकडे मात्र भिंतीवर लावून ठेवावेत. दिलेले मार्ग ७७४, सुरू झाले ३७१, आणि अनुदानाची मुदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकलेले ५४.

तुम्ही मार्ग जाहीर केला, की जुनी मोठी कंपनी काय करेल तेही ठरलेलं आहे. तुमच्या सकाळी ६ च्या विमानाच्या पुढेमागे वीस मिनिटांवर तिची दोन विमानं, भाडं तुमच्याहून दोनशे कमी. ती हे सहा महिने करू शकते. म्हणून सुरुवातीलाच पाच गावांना एकेक फेरी वाटू नये. दोन गावांना दोन-दोन द्याव्यात, म्हणजे ढकलून बाहेर काढायला तिला जड जाईल. आणि पाचव्या विमानाला वेळापत्रक देऊच नये. ते राखीव. मे २०२३ मध्ये बंद पडलेल्या गो फर्स्टची विमानं इंजिनांअभावी जमिनीवर होती, हे ताजं उदाहरण आहे. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात मोठ्या दुरुस्तीची केंद्रं असल्यामुळे नागपूरला मुक्काम ठेवणाऱ्याला विमान दुरुस्तीसाठी रिकामं दुसऱ्या गावी न्यावं लागत नाही, ही जमेची बाजू.

परदेशाचं विचारणार, ठाऊक आहे. परदेशी उडण्याआधी देशात पाच वर्षं काढण्याची अट २०१६ च्या धोरणाने गेली, पण देशांतर्गत सेवेत वीस विमानं, किंवा एकूण क्षमतेच्या वीस टक्के, जे जास्त असेल ते ठेवण्याची अट राहिली. तोवर आखाताचे प्रवासी दुसऱ्याच कंपन्या नेणार. वीस झाली की मात्र बँकॉक. नागपूरहून शारजा आणि बँकॉक जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, २,४५० किलोमीटरच्या आसपास. पण बँकॉकला पर्यटकही आहे आणि दीक्षाभूमीमुळे उलट दिशेचा प्रवासीही मिळवता येईल. रात्री १० ला पुण्याहून आलेलं विमान ११ ला निघून सकाळी ७ पर्यंत परत येतं, म्हणजे एरवी झोपून राहणाऱ्या विमानाला सात तासांचं काम मिळतं. सकाळी ६ चं पुणे त्या दिवशी दुसऱ्या विमानावर टाकायचं. आणि ही फेरी आठवड्यातून तीनच रात्री ठेवायची, कारण उरलेल्या रात्री अभियंत्यांना ते विमान सोनेगावला उभं हवं असतं.