काखेतली खूण

पडद्यावर दिसतेय ती काखेतली एक लसिकाग्रंथी. निरोगी ग्रंथी सोनोग्राफीत घेवड्याच्या दाण्यासारखी दिसते. पातळ काळपट कड आणि मधोमध चरबीचा पांढरा पट्टा. हिची कड मात्र जाड झालीय, पांढरं काही उरलेलंच नाही. सुईने नमुना घेतला आणि त्यात स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी सापडल्या.

आता आधी केमो, मग स्तनाचं ऑपरेशन. पण केमोने ही ग्रंथी साफ होईल का?

हे आधी कळावं असं वाटतं, ते हातासाठी. पूर्वी काखेत आजार दिसला की तिथल्या बहुतेक ग्रंथी सरसकट काढायचे. मग कुणाचा खांदा आखडतो, कुणाचा हात इतका सुजतो की बाही दंडावर चढत नाही. ही सूज वर्षानुवर्षं सोबत राहू शकते.

सगळ्यात जास्त सांगून जातो तो गाठीचा प्रकार. गाठ हर-टू पॉझिटिव्ह असेल, म्हणजे तिच्या पेशींवर वाढीला चालना देणारं हर-टू हे प्रथिन जास्त असेल, आणि केमोसोबत हर-टूवर नेमका मारा करणारी औषधं मिळाली, तर निम्म्याहून अधिक रुग्णांच्या ग्रंथी पूर्ण साफ होतात. ट्रिपल निगेटिव्हमध्येही, म्हणजे हार्मोनच्या दोन आणि हर-टू अशा तिन्ही खुणा नसलेल्या गाठींतही, हे बऱ्याचदा घडतं. हार्मोनवर वाढणाऱ्या, हर-टू निगेटिव्ह गाठींत मात्र जेमतेम पाचात एक. शिवाय केआय-67 जास्त, म्हणजे पेशी भराभर वाढणाऱ्या, तर गाठ केमोला सहसा चांगली दाद देते.

तरीही नुसत्या अंदाजावर काख तशीच सोडत नाहीत. ग्रंथी सोनोग्राफीत पुन्हा छान दिसली तरी आत मोजक्या पेशी दडलेल्या असू शकतात. अमेरिकेतल्या झेड1071 या अभ्यासाचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. केमोनंतर काखेत आजार उरलेल्या स्त्रियांपैकी 12.6 टक्के जणींमध्ये, दोन किंवा जास्त सेंटिनेल ग्रंथी, म्हणजे स्तनातून आजार सहसा सगळ्यात आधी पोचतो त्या ग्रंथी, तपासूनही तो निसटला होता. अभ्यासकांनी चालवून घ्यायची मर्यादा ठरवली होती 10 टक्क्यांची.

म्हणून ही तिळाएवढी धातूची क्लिप. केमोआधीच ती आजारी ग्रंथीत बसवतात, कारण नंतर ग्रंथी आक्रसते आणि ओळखूच येत नाही. ऑपरेशनमध्ये खुणेची ग्रंथी आणि सेंटिनेल ग्रंथी, दोन्ही काढतात. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसनमधल्या 2016 च्या अभ्यासात असं केल्यावर निसटण्याचं प्रमाण 2 टक्क्यांवर आलं.

तुमच्या घरात कुणाची केमो सुरू होणार असेल, तर पहिल्या डोसच्या आधी डॉक्टरांना जरूर विचारा, ‘काखेत क्लिप बसवणार का?’

काढलेल्या ग्रंथीचा लगेच एक्स-रे घेतात. राखाडी सावलीत एक लखलखीत ठिपका. हीच ती ग्रंथी. आता ती पॅथॉलॉजिस्टकडे जाईल.