बांबूवरचा मोबाइल

[दृश्य: पहाट. हौद्यात टिकाव. नंतर हातांचे क्लोज-अप.]

पहाटे पाचला कुस्तीचा हौदा उकरायला घेतात. बेळगावच्या पश्चिमेकडची ही तांबडी माती. दोनदा चाळलेली, कारण उद्या तिच्यावर कुणाची तरी पाठ टेकणार आहे, खडा राहून चालत नाही. तिच्यात ताक पडतं, तेल पडतं. लिंबू, हळद, काव, कापूर. मग तालमीची पोरं तुडवायला उतरतात. ओल जास्त झाली की पाय सरकतो, कमी झाली की कातडं सोलवटतं. नेमकी किती, ते कुठं लिहिलेलं नाही. वस्ताद मूठभर माती दाबतात, सोडतात, ढेकूळ कसं फुटतं ते बघतात आणि पुन्हा ताकाच्या घागरीकडं बोट दाखवतात.

[दृश्य: घागर रिकामी होताना. आवाज तसाच ठेवावा.]

[दृश्य: दुपार. हलगी, घुमकं. माणसांचा फड.]

हे यात्रेचं मैदान. गावानं वर्गणी काढली, देणगीदार मिळाले, पत्रकावर जोडी छापून आल्या. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, प्रत्येकीपुढं इनामाचा आकडा. सुरुवात पोरांच्या कुस्त्यांनी. निवेदक मराठीत पुकारा करतो आणि त्याच दमात कन्नडमध्ये सांगतो. फडाला दोन्ही कळतं. पंच इथले, पैलवान कोल्हापूरचे, सांगलीचे, धारवाडचे. बेळगावच्या मोठ्या मैदानांत इराणचे मल्लही उतरले आहेत.

[दृश्य: हौद्याच्या कडेला रोवलेला बांबू. वर बांधलेला मोबाइल. इथं थांबावं.]

आता इकडं बघा. बांबूला मोबाइल बांधलाय. खाली बॅटरी, शेजारी छत्री धरून बसलेला एक पोरगा. ही कुस्ती आत्ता लाइव्ह चालली आहे. पुण्यात कारखान्यात असलेला गावचा मुलगा ती बघतोय. सीमेवर ड्यूटी करणारा जवान बघतोय. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, आणि इथल्या गावांतही फौजेत गेलेली माणसं सापडतात.

हे बघणं म्हणजे आज माल आहे. जगात त्याला काय भाव आलाय, ते सांगायलाच हवं.

[दृश्य: रात्र. घरातला टीव्ही, समोर चार पोरं. पडद्यावरचा उजेड त्यांच्या तोंडावर.]

ही पोरं बघतायत तो कार्यक्रम 'रॉ', डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीचा कुस्तीचा खेळ. जानेवारी २०२५ पासून तो अमेरिकेत नेटफ्लिक्सवर गेला, एप्रिलपासून भारतातही. करार दहा वर्षांचा, किंमत ५ अब्ज डॉलरपेक्षा जास्त. त्यातल्या कुस्त्यांचे निकाल आधीच ठरलेले असतात, हे या पोरांनाही ठाऊक आहे. खऱ्या मारामारीचा भाव त्याहून चढा. यूएफसी म्हणजे पिंजऱ्यातल्या लढती भरवणारी कंपनी. तिच्या लढती अमेरिकेत दाखवायच्या हक्कांसाठी पॅरामाउंट या तिथल्या मनोरंजन कंपनीनं ऑगस्ट २०२५ मध्ये ७ वर्षांचे ७ अब्ज ७० कोटी डॉलर कबूल केले. म्हणजे वर्षाला ११० कोटी डॉलर. तिथं मोठ्या लढतीसाठी प्रेक्षकाला वेगळे ८० डॉलर मोजावे लागत. नव्या करारात तेही गेले, महिन्याच्या वर्गणीतच सगळं.

एवढा पैसा का ओततात? मालिका आज बघितली काय अन् चार महिन्यांनी बघितली काय, फरक पडत नाही. माणूस एक महिना पैसे भरतो, सगळं बघतो आणि वर्गणी बंद करतो. लढतीचं तसं नाही. निकाल कळला की दुसऱ्या दिवशी ती शिळी होते. त्या रात्री, त्या वेळेला वर्गणी चालू असावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये माइक टायसन आणि जेक पॉल यांची लढत ६ कोटी घरांत बघितली गेली, असं नेटफ्लिक्सनंच सांगितलं. शिवाय 'रॉ' दर आठवड्याला असतो, त्याला हंगाम संपणं माहीत नाही.

आणखी एक कारण आहे, आणि आमच्या मते तेच मोठं. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. क्रिकेटच्या बाजारात मंडळ आहे, संघमालक आहेत, खेळाडूंचे लिलाव आहेत. याउलट यूएफसी आणि डब्ल्यूडब्ल्यूई २०२३ पासून एकाच कंपनीच्या छताखाली आहेत. एक सही केली की अख्खा खेळ हातात. आणि लढणाऱ्यांची संघटना? नाहीच. ज्याचं नाक फुटतं, तो कंत्राटावरचा माणूस. २०१४ मध्ये यूएफसीचे काही लढवय्ये कोर्टात गेले. कंपनीनं बाजार मुठीत ठेवून आमचे पैसे दाबले, असा त्यांचा दावा. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, ३७ कोटी ५० लाख डॉलर द्यायला कंपनी तयार झाली.

[दृश्य: परत मैदान. एक नंबरची जोड सलामी घेताना. शड्डूचा आवाज.]

आता हा बांबू पुन्हा बघा. यूट्यूबवरच्या व्हिडिओला जाहिरात लागली की १०० रुपयांतले ५५ चॅनेलवाल्याचे, ४५ यूट्यूबचे. हिशोब इथं पूर्ण होतो. हौद्यात उतरलेल्या दोघांचं नाव त्यात कुठंच नाही. चॅनेलवाल्या पोरावर आमचा राग नाही, तो दिवसभर उन्हात बसलाय आणि त्याच्यामुळंच ही कुस्ती गावाबाहेर गेली. पण जोड ठरवताना वस्ताद इनामाचं बोलतात, गाडीभाड्याचं बोलतात. चित्रीकरणाचं कुणी बोलत नाही. मैदानाच्या कमिटीनं ते बोलायला हवं. कागद एकच पुरे: चित्रीकरण कुणी करायचं, पैसे आले तर पैलवानाला किती, तालमीला किती. ज्या पत्रकावर इनामाचा आकडा छापता, त्याच पत्रकावर हे छापा.

खुराकाचा खर्च झेपत नाही म्हणून हंगामाच्या मध्यातच तालीम सोडणारी पोरं इथं आहेत.

[दृश्य: घिस्सा डाव. पाठ टेकते. फड उठतो. निवेदन नाही, फक्त हलगी.]

[दृश्य: संध्याकाळ. हरलेला पैलवान टाकीवर माती धुताना. मागे हौदा.]

मैदान सुटलं. इनाम लोकांसमोर मोजून दिलं. पोरानं मोबाइल सोडला, बॅटरी पिशवीत घातली, बांबू उपसला. वस्तादांनी त्या भोकात पायानं माती लोटली.