क्रीम घ्यायचा का पीच? पश्चिमेच्या हॉलला कुठला रंग शोभतो बघा

नमस्कार मंडळी, आज आपण सांगलीत विश्रामबागला एका फ्लॅटच्या हॉलमध्ये आहोत आणि इथं घरातल्यांचं गाडं दोन रंगांवर अडलंय, हा क्रीम आणि हा लाइट पीच. शेडकार्डवर दोन्ही सारखेच वाटतात, कुठलाही घ्या चालतंय असं वाटतं. नाही ओ, चालत नाही.

हे बघा, साधा झेरॉक्सचा पांढरा कागद घेतला आणि दोन्ही शेड त्याच्यावर ठेवल्या. आता दिसलं का, क्रीममध्ये चिमूटभर हळद पडल्यासारखा पिवळेपणा आहे आणि पीचमध्ये गुलाबी. ह्याला अंडरटोन म्हणतात. चारी भिंतींना रंग लागला की हाच वर येतो, कारण एका भिंतीवरचा उजेड दुसरीवर पडतो, दुसरीवरचा पहिलीवर, त्यामुळं कार्डवर फिका वाटलेला रंग खोलीत चढतो, म्हणून मी कायम सांगते की आवडलेल्या शेडपेक्षा एक शेड फिकी घ्या.

आता ह्या हॉलची खिडकी पश्चिमेला. संध्याकाळचं नारिंगी ऊन थेट समोरच्या भिंतीवर. दोन्ही रंग मारलेले बोर्ड तिथं लावते हं... बघा, पीच कसला भडक झाला! क्रीम मात्र अजून शांत आहे. त्यात फरशी तांबूस, ती पीचला खालून अजून गुलाबी करतीय. हीच खिडकी उत्तरेला असती तर मी पीचच म्हणाले असते, तिकडचा उजेड थंड, निळसर असतो, त्यात तो छान खुलतो.

रात्री काय होतं तर इथली एलईडी ट्यूब आहे ६५०० केल्विनची, म्हणजे थंड, निळसर पांढऱ्या उजेडाची, तिच्यात क्रीम जरा हिरवट मारतो. त्यासाठी रंग नका बदलू, ट्यूब बदला, ३००० नाहीतर ४००० ची लावा, आकडा कमी तेवढा उजेड पिवळसर, बॉक्सवर आकडा छापलेला असतो.

आणि प्लीज, जुन्या भिंतीवर ब्रशचा एक फटकारा मारून रंग ठरवू नका, शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. दोन फुटी पांढऱ्या कार्डशीटवर रंगाचे दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या, मग तो सकाळी, संध्याकाळच्या उन्हात आणि रात्री ट्यूबखाली बघा.

तर ह्या हॉलला क्रीम, तोही मॅट, कारण तिरप्या उन्हात चकचकीत फिनिशला पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. शेडचा कोड तेवढा लिहून ठेवा, टचअपला लागतो.