जांघेतून मेंदूपर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या एका आईने मला विचारलं होतं, "दुखणं डोस्क्यात, आणि नळी जांघेतून घालणार? हे कसं ओ डॉक्टर?"

तिच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या मेंदूतल्या धमनीला फुगा आला होता. सायकलची जुनी ट्यूब जिथे विरलेली असते तिथेच हवा भरताना टेंगूळ येतं, तसा. याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. मुलांमध्ये तो क्वचित, अशा १०० रुग्णांत मुलं ५ हून कमी. मोठ्यांत रक्तदाब आणि तंबाखू यांचा हात असतो (तंबाखू पिकवणाऱ्या निपाणीकरांनी रागावू नये). पोरांत मात्र कधी धमनीची भिंतच जन्मतः कच्ची असते, कधी डोक्याला मार लागलेला असतो, कधी हृदयाच्या झडपेवरचे जंतू रक्तातून वर गेलेले असतात.

आता नळीचं. रक्ताचा रस्ता सलग आहे, जांघेपासून मेंदूपर्यंत कुठे गाडी बदलावी लागत नाही. मुलाला पूर्ण भूल देतात. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी छातीतून, मानेतून फुग्याच्या तोंडाशी नेतात. आत जाते ती प्लॅटिनमची कॉईल, केसाहून बारीक तारेची. नळीत सरळ असते, फुग्यात शिरली की वेटोळं घेते. नीट बसली नाही तर परत ओढून घ्यायची. बसली की किंचित वीज सोडून सुटी करायची. गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी १९९० साली लॉस एंजेलिसमध्ये ही कॉईल पहिल्यांदा रुग्णावर वापरली. अशा कॉईलींनी फुगा भरला की आत रक्त गोठतं आणि फुटण्याचा धोका खूप कमी होतो.

लहानग्यांत हात आणखी जपून चालवावा लागतो. धमन्या बारीक, एक्स-रेत धमनी दिसावी म्हणून सोडायचा औषधी रंग वजनानुसार मोजून, एक्स-रे कमीत कमी. धमनीत जाळी बसवावी तर मूल वाढतं, जाळी वाढत नाही. कवटी उघडायची नाही म्हणजे धोका नाही, असंही नव्हे. फुगा फुटू शकतो, गुठळी होऊन लकवा मारू शकतो. काही फुग्यांना आजही कवटी उघडून क्लिप लावणंच बरं. कॉईल घातली तरी पुढे काही वर्षं तपासण्या चुकत नाहीत.

त्या मुलाची एक रात्र वाया गेली. आधी दृष्ट काढली, मग पित्त म्हणून लिंबूपाणी पाजलं. कुठल्याही मुलाचं डोकं एकाएकी असह्य दुखलं, उलट्या झाल्या, मान ताठली, पापणी अचानक पडली किंवा फिट आली, तर १०८ ला फोन करा. सीटी स्कॅनची सोय असलेलं इस्पितळ गाठा: बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर, जे जवळ पडेल ते. राज्य कुठलं ते नंतर बघू.

तीन आठवड्यांनी घरी निघताना पोरगा डोक्यावरून हात फिरवत टाका शोधत होता.